दोघींच्या दोन फाइली

गडचिरोली
१८ नोव्हेंबर २०२५

एलिशबा आजी,

रविवारी काय झालं ते क्रमाने लिहिते. तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टीही यात आहेत, कारण हेच टिपण मी समितीला देणार आहे.

१. चंद्रपूरच्या आमच्या वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत १६ नोव्हेंबरचं सत्र मी सुचवलं होतं. विषय: युद्धाच्या काळातला शेजार.

२. वक्त्या दोन. दोघी इस्रायलमधल्या लोद गावच्या, एकाच मजल्यावर समोरासमोर राहणाऱ्या. एलिशबा वाक्रुळकर: मराठी बोलणाऱ्या ज्यू, म्हणजे बेने इस्रायल समाजातल्या, बालपण बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीत, माझ्या दिवंगत आजीच्या, गिरजाबाईंच्या, वर्गमैत्रीण. सामिहा: पॅलेस्टिनी, पण इस्रायलच्याच नागरिक, निवृत्त शिक्षिका. एलिशबाबाईंचा भाचा ७ ऑक्टोबर २०२३ रोजी मारला गेला. सामिहाबाईंच्या बहिणीची दोन मुलं त्यानंतर गाझातल्या बॉम्बहल्ल्यात गेली.

३. थेट जोडणीचा भरवसा नव्हता म्हणून दोघींचं बोलणं आधी चित्रित करून घेतलं. सामिहाबाई हिब्रूत बोलल्या. एलिशबाबाईंनी ते मराठीत सांगितलं.

४. समितीने ते आधी पाहायला मागितलं. मी दिलं.

५. सदस्य पियुष यांनी पॅलेस्टिनी बाईंवर आक्षेप घेतला. सदस्य अश्वजित, जो माझा मावसभाऊ आहे, त्याने इस्रायली बाईंवर.

६. अध्यक्ष गुणवंतराव यांनी दोघींपैकी एकीला ठेवायला सांगितलं. कोणती ते मी ठरवायचं होतं. मी नकार दिला.

७. रविवारी सभागृहाला कुलूप होतं. बाहेर दोन गट होते. दोन्हींची मागणी एकच होती, कार्यक्रम रद्द करा. तो रद्द झाला आहे हे मी दोन्हीकडे जाऊन सांगितलं. घोषणा थांबल्या नाहीत.

८. मी प्रोजेक्टर घेऊन बसने गडचिरोलीला परत आले.

टिपण इथे संपलं. पुढचं फक्त तुमच्यासाठी.

गुणवंतरावांचे शब्द असे होते: "बाई, दोघी आल्या तं दोनी बाजूचे लोकं आपल्यावर चढतीन. एकीले ठेव, अर्धे तं खुश राहतीन."

मी म्हटलं, भाऊ, मग उरलेले अर्धे चिडतील.

"अर्धे तं नेहमीच चिडलेले असतेत. त्याची सवय आहे मले. सगळेच चिडले का मंग सुचत नाई."

पियुषने विचारलं, "मॅडम, एकच सांगा. तुम्ही कोनाच्या साइडनं?" मी म्हटलं, सध्या प्रोजेक्टरच्या साइडने. तो हसला नाही. अश्वजितही नाही. त्या दिवसात त्या दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं.

सामिहाबाईंना झालेला प्रकार कळवा. माझ्याकडून दिलगिरी सांगा.

संघप्रिया उंदिरवाडे


लोद
२३ नोव्हेंबर २०२५

संघप्रिया बाई,

हातानं लिहून फोटो पाठवते आहे. अक्षर लागलं नाई तर तुझ्या आईला विचार, तिला माझं अक्षर लागतं.

तुझं टिपण वाचलं. तू जंगलाचे नकाशे काढतेस ना, पत्रही तसंच काढतेस. हद्द अगदी बरोबर, आत एक झाड दिसत नाई. तुझी आजी अशी नव्हती. गिरजाला एक गोष्ट विचारली की ती सात सांगायची, त्यातल्या चार खोट्या.

कार्यक्रम झाला नाई याचं मला काई विशेष वाटलं नाई. इथं आम्ही दोघी दर शुक्रवारी चौकात पाटी धरून उभ्या राहतो. पाटीवर फक्त लिहिलं आहे, "आम्ही शेजारी आहोत." एवढ्यावर लोक गाडीची काच खाली करून शिव्या देतात. मला माझे देतात, तिला तिचे देतात. दुसऱ्यांनी दिल्या असत्या तर एक वेळ समजलं असतं. आम्हाला वाटलं, चंद्रपूर दूर आहे, तिथल्या कोणाचं घर इथं नाई, शेत नाई, ते तरी शांतपणे ऐकतील. तर ते आमच्याहून तापलेले. काऊन गं? त्यांचं इथं काय आहे?

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मंगळवारी आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. तुझ्याच चंद्रपूरचा. त्यात मी, एकटी. सांगून राह्यली आहे, "ज्यांनी माझ्या भाच्याला मारलं त्यांना मी मरेपर्यंत माफ करणार नाही." आणि लगेच पुढचं वाक्य, मग त्याच्या पुढचं. मध्ये श्वाससुद्धा नाई. वर लिहिलं आहे, "इस्रायलची वाघीण गरजली." वाघीण! मला जिना चढताना दोन मजल्यांत तीनदा बसावं लागतं.

कोणीतरी त्याला हिब्रू अक्षरं घालून पुढं ढकललं. बुधवारी सामिहाचा आला. तीही एकटी. "ज्या देशानं माझ्या बहिणीची मुलं मारली त्याचा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे, तो जाळून टाकावासा वाटतो." तळमजल्यावरच्या माणसानं तो पोलिसात दाखवला. तिला बोलावून तीन तास बसवलं. एकसष्ट वर्षांची बाई. तिच्या मुलांनी माझा व्हिडिओ पाहिला आहे, ते जिन्यात माझ्याशी बोलत नाईत. सामिहाचं दार बंद आहे. मी दोनदा वाजवलं.

आता तू सांग. मी "माफ करणार नाही" म्हटलं तेव्हा सामिहानं माझा हात धरून काय म्हटलं होतं? "करू नकोस. पण माझ्या मुलाला, निझारला, त्यांच्यात मोजू नकोस." आणि मी म्हटलं, "निझारनं माझा गीझर तीनदा दुरुस्त केला आणि पैसे घेतले नाईत, त्याला कसा मोजू?" आणि ती पासपोर्टचं बोलली तेव्हा मी मध्येच म्हटलं होतं, "जाळू नको गं, बाहेर गेलीस तर माझ्याशी भांडायला परत कशी येशील?" आणि ती हसली होती, डोळे पुसत पुसत.

ते सगळं कुठं गेलं? आम्ही दोघी एका सोफ्यावर होतो. आम्हाला वेगळं कोणी बसवलं?

एलिशबा


गडचिरोली
२७ नोव्हेंबर २०२५

एलिशबा आजी,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मी.

समितीला पूर्ण चित्रीकरण लांब वाटलं. गुणवंतराव म्हणाले, दोघींचं वेगवेगळं करून द्या, म्हणजे आम्हाला ठरवता येईल. मला ते रास्त वाटलं. दोघींना समान वेळ मिळावा हा माझाही आग्रह होता. तुम्ही जास्त बोलला होतात, सामिहाबाई कमी. म्हणून मी दोन फाइली केल्या, प्रत्येकी सारख्या लांबीच्या. एक बोलत असताना दुसरीचं मध्ये येणं काढलं, कारण ते कोणाच्या वेळेत धरायचं हे ठरेना. सामिहाबाईंच्या फाइलमध्ये तुमचा आवाज काढून तुमचं भाषांतर खाली अक्षरांत दिलं. गप्प राहिल्याच्या जागा यंत्र आपोआप छाटतं. ती सोय मी चालू ठेवली होती.

एकही शब्द बदललेला नाही. हे वाक्य मी बचाव म्हणून लिहायला घेतलं होतं. लिहिल्यावर लक्षात आलं की माझ्याविरुद्ध सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. शब्द बदलला असता तर काढा म्हणून सांगता आलं असतं.

मंगळवारी चंद्रपूरला जाऊन फाइली पुढे टाकणाऱ्या दोघांना भेटले; सामिहाबाईंची अश्वजितने टाकली होती, तुमची पियुषने. अश्वजित पंचायत समितीसमोरच्या चहाच्या टपरीवर होता.

"ताई, मी काई खोटं टाकलं का? ती बाई बोलली नाई का तसं?"

बोलली. पण पुढे हसली.

"मंग हसनं काढलं कोनं?"

मी.

"मंग माह्यावर काऊन चिडून राह्यली?" मग तो थोडा नरमला. "तुले खरं सांगू? लोकाले दुःख समजते. दुःखात हसनारी बाई समजत नाई. ते टाकलं असतं तं म्हनले असते, हिले काईच झालं नाई."

पियुष त्याच्या मोबाइलच्या दुकानात होता. त्याने ग्रुपवरची फाइल मिनिटात काढून टाकली, हे लिहायला हवं. म्हणाला, "मॅडम, काढली. पन चारशे लोकाइनं पुढं पाठवली, ती मी कशी काढू? आन तुम्ही सगळं सांगता तं हेही सांगा, तुमच्या पूर्ण व्हिडिओले कोनी पाहीन का? मी स्वतः सुरू केला होता. म्हातारी गीझरचं बोलाले लागली, मी बंद केला."

मी त्याला विचारलं, त्यांच्यापैकी कोणाला कधी भेटला आहेस का. ज्यूला किंवा पॅलेस्टिनीला.

"नाई."

मग एवढं का?

त्याने काउंटरवरचं कव्हर उचलून परत ठेवलं. "इथल्या गोष्टीवर बोललं तं संध्याकाळी घरी मानसं येतेत. तिथल्यावर बोललं तं कोनी येत नाई."

हे त्याने लपवायला हवं होतं. त्याला ते लपवण्यासारखं वाटलं नाही.

मूळ चित्रीकरण सोबत पाठवते आहे. त्यात काही कापलेलं नाही. हिब्रू अक्षरं घालून घेतली आहेत; नागपूरच्या एका अभ्यासक बाईंनी तपासली आहेत. सामिहाबाईंच्या मुलांना दाखवा. सुरुवातीला सोफ्यावरून मांजर उतरवण्यात वेळ जातो, तोही ठेवला आहे.

संघप्रिया


लोद
५ डिसेंबर २०२५

संघप्रिया,

दाखवलं. निझार आला, त्याचा मोठा भाऊ नाझरेथहून आला. माझ्याच खोलीत बसले, त्याच सोफ्यावर. सामिहा आली नाई.

निझारनं शेवटपर्यंत पाहिलं. गीझरचं आलं तेव्हा मान खाली घातली. मोठ्या भावानं दोनदा फोन पाहिला, एकदा बाहेर जाऊन बोलून आला. संपल्यावर तोच म्हणाला, "मावशी, हे चांगलं आहे. पण हे कोण पाहणार? ते दुसरं सगळ्यांनी पाहिलं." मी म्हटलं, तू पाहिलंस ना. तर म्हणे, "मी पाहून काय? तळमजल्यावरच्या माणसानं पाहिलं का?" मी तळमजल्यावर गेले. त्याला म्हटलं, ये, चहा घे, पाहा. तो म्हणाला, "मला पाहायचं होतं ते मी पाहिलं."

अशी गंमत आहे बाई. वाईट पाहायला कोणाला आमंत्रण लागत नाई.

आईला महिनाअखेर नाझरेथला नेणार, असं मुलांनी ठरवलं आहे. त्यांचंही चूक नाई. इथं तिला पोलिसांनी पुन्हा बोलावलं तर? काल शेवटी तिनं दार उघडलं. मला वाटलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "एलिशबा, मी थकले. सकाळी तुझ्या लोकांना पटवायचं की मी माणूस आहे. संध्याकाळी माझ्या लोकांना पटवायचं की मी त्यांचीच आहे. रोज दोन परीक्षा, आणि तपासणारे सगळे नापास करायलाच बसलेले. माझ्या मुलानं ओरडून दगड मारला असता तर त्याला एकच परीक्षा द्यावी लागली असती."

मी तिथंच तिच्या उंबऱ्यावर बसले.

दोन वर्षं आम्ही दोघींनी एकमेकींना सांभाळलं. माझ्या भाच्याच्या वेळी सात दिवस माझ्या घरी आलेल्यांना चहा तिनं दिला. तिची भाचरं गेली तेव्हा तिच्याकडं शोकाला बसलेल्या बायांत मी एकटी ज्यू होते. तिच्या नणंदेनं उठून जायला सांगितलं, मी नाई उठले. आणि हे सगळं मोडलं कशानं? चंद्रपूरच्या व्याख्यानमालेनं.

रागावून लिहिते आहे, पण विचार करून. आम्हाला पुन्हा कुठं बोलावू नको. ती जाईपर्यंतचे दिवस मला तिच्यासोबत गप्प बसायचं आहे, तिनं बसू दिलं तर.

एलिशबा


गडचिरोली
१० डिसेंबर २०२५

एलिशबा आजी,

तुमचं पत्र मिळालं. मी बोलावत नाही. तरीही एक निरोप पोहोचवणं भाग आहे, कारण तो माझा नाही.

मी सध्या धानोऱ्याकडच्या एका गावाच्या जंगलाची हद्द नकाशावर घेते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तशी अट आहे. गेल्या गुरुवारी दुपारी त्यांच्या ग्रामसभेच्या खोलीत मी तुमचं चित्रीकरण पुन्हा पाहत होते. कुठे काय छाटलं ते मला बघायचं होतं. सुकरीबाई मागे येऊन बसल्या. त्या गावच्या अभ्यासगटात, म्हणजे ग्रामसभेआधी विषय समजून घेणाऱ्या मंडळींत, आहेत. थोड्या वेळाने आणखी सहा-सातजण बसले. मी बंद करायला गेले तर सुकरीबाई म्हणाल्या, "राहू दे."

शेवटपर्यंत पाहिलं. पहिलं मत सुकरीबाईंचं होतं: "ही मराठीवाली बाई दुसरीले बोलूच देत नाई."

मी सांगितलं, त्या भाषांतर करत आहेत.

"भाषांतर आमाले समजते. साहेब आले का आमी गोंडीचं मराठी करतोच. पन ही मधातच सोताचं घुसवते."

या गावात पंधरा वर्षांपूर्वी सुकरीबाईंच्या भावाला पोलिसांचा खबऱ्या म्हणून जंगलातल्या बंदूकवाल्या लोकांनी मारलं. त्याच वर्षी रामाजी नावाच्या माणसाला जंगलातल्यांना जेवण दिलं म्हणून तुरुंगात घातलं. दोन्ही घरांमध्ये एक कुंपण आहे. दोन्ही बाजूंना दोन्ही घरं संशयित होती. यापेक्षा जास्त मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चार वर्षं मी या गावात येते आहे. हेही परवाच कळलं.

सुकरीबाईंनी ग्रामसभेत विषय मांडला, की या दोघींशी गावाने बोलावं. मी म्हटलं, कशासाठी. त्या म्हणाल्या, "त्याइले विचारायचं आहे, मेलेल्या मानसाबद्दल शेजाऱ्यासोबत कसं बोलतेत. आमी पंधरा वरसात नाई बोललो."

इथे निर्णय सर्वांच्या संमतीने होतो. मतदान नसतं. एकजण जरी नाही म्हणाला तरी विषय थांबतो. पण नाही म्हणणाऱ्याला तिथे बसून राहावं लागतं, आणि काय झालं तर हो म्हणशील ते सांगावं लागतं. नुसतं नाही म्हणून उठून जाता येत नाही. आणि जो गावात राहत नाही त्याने या बैठकीत तोंड उघडायचं नाही. मीसुद्धा भिंतीशी बसते.

रामाजी नाही म्हणाले. "तुमी हे शूट करसान, फोटो टाकसान, मंग कोनी येऊन विचारन, काऊन बोलले, कोनासाठी बोलले. एकडाव भोगलं मी."

लोक थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. पुन्हा नाही. लच्छू नावाचा तरुण वैतागून म्हणाला, "भाऊ, मंग तू सांग ना, कसं पाह्यजे?" रामाजींनी रविवारी सांगितलं. मी त्यांच्या अटी जशाच्या तशा देते. चित्रीकरण नाही. कोणाच्याही हातात फोन नाही. माझा लॅपटॉप फक्त जोडणीपुरता. गावाचं नाव कुठेही नाही. बाहेरचा कोणी नाही; वाचनालय नाही, पत्रकार नाही. आणि दोघी पाहिजेत. एकटी कोणतीही आली तर बैठक होणार नाही. "एकटं मानूस कोनाचं तरी होते," असं ते म्हणाले.

सुकरीबाईंची एक अट वेगळी होती, की दुसरी बोलत असताना तुम्ही मध्ये घुसवायचं नाही. मी भिंतीशी बसलेली असूनही बोलले. म्हटलं, मी तेच काढलं होतं आणि त्यानेच नुकसान झालं. मला कोणी उठवलं नाही. सुकरीबाईंनी विचार करून अट बदलली: "मंग दुसरीनंही घुसवावं." तेवढं सामिहाबाईंना कळवा.

हे लोकांना दिसणार नाही. यातून तळमजल्यावरच्या माणसाचं मत बदलणार नाही, सामिहाबाईंचं नाझरेथला निघालेलं सामानही उतरवलं जाणार नाही. पियुषचा प्रश्न, हे कोण पाहील, त्याचं उत्तर आहे: कोणी नाही. मी एवढंच सांगू शकते की खोलीत जे असतील ते सगळे शेवटपर्यंत बसतील, आणि त्यांना उत्तर हवं आहे ते त्यांच्या स्वतःच्या कुंपणासाठी. ही माझी शिफारस नाही. मी एकदा तुमच्या वतीने ठरवलं आहे आणि परिणाम तुमच्या जिन्यात आहे.

बैठक रविवार, २१ डिसेंबर, आमचे दुपारचे बारा, तुमचे सकाळचे साडेआठ. तासभर.

एक विनंती. उत्तर सामिहाबाईंनी स्वतः द्यावं, अरबीत किंवा हिब्रूत, हाताने लिहून. तुम्ही त्यांच्या वतीने लिहू नका, मुलांनीही नको. वाचून घ्यायची सोय मी केली आहे. "नाही" असेल तर "नाही" लिहावं. ते मी गावाला तेवढंच वाचून दाखवीन. गाव कारण विचारणार नाही. सामिहाबाईंना तिथे बसून राहण्याची अट नाही, त्या या गावच्या नाहीत.

रामाजी आणि सुकरीबाईंच्या घरचे लोक आदल्या दिवशी खोली सारवणार आहेत. त्यांना आधी सांगावं लागेल. कृपया बुधवार, १७ डिसेंबरपर्यंत उत्तर कळवा.

संघप्रिया उंदिरवाडे